घरात कुठूनतरी वास येतोय

३ नोव्हेंबर, सोमवार

काल पुन्हा तो वास! आणि नेमका नको तेव्हा.

रविवारी अम्मा माझ्या डोक्याला तेल लावतात. लग्न होऊन मी पुण्याहून इथे बेंगळूरुला बसवनगुडीत आले तेव्हापासूनचा नेम. मी पाटावर मान खाली घालून, त्या मागे खुर्चीत, वाटीत कोमट खोबरेल. माझ्या आईने कधी एवढे लाड केले नाहीत, तिला शाळेतून वेळच मिळायचा नाही. सासूच्या हातचं तेल म्हटल्यावर मैत्रिणी हसतात. हसू देत. अम्मांची बोटं फिरली की आठवड्याभराचं ऑफिस उतरतं.

तर काल त्या पुढे वाकून बट सोडवत होत्या आणि एकदम भपकाराच आला. कुजकट. ओलं फडकं बादलीत विसरावं तसा. मी ताडकन उठलेच. म्हटलं, अम्मा, काहीतरी सडल्यासारखा वास येतोय, तुम्हाला येतोय ना? त्या वाटी धरून तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "येतो की. स्वल्प."

मी सिंकखाली पाहिलं, कचऱ्याचा डबा पाहिला, बटाट्याची टोपली उपसली. काही नाही. परत येते तर अम्मा अंघोळीला गेलेल्या. सकाळी झालेली असताना! माझं अर्धं डोकं तेलकट, अर्धं कोरडं. तशीच आज ऑफिसला.

५ नोव्हेंबर

सर्दी आहेच. दिवाळीपासूनची. डावा गाल जड, डोळ्याखाली कुणी अंगठा दाबून धरल्यासारखा. वाकलं की ठणका.

आणि कारणं? कारणांना काय तोटा! महादेवपुऱ्याच्या ऑफिसात मुकुल म्हणतो, बेंगळूरुत दोनच प्रकारची माणसं असतात — सायनस असलेली आणि अजून न कळलेली. त्याच्या मते झाडांचे परागकण. टीमलीडच्या मते मेट्रोच्या कामाची धूळ. नवऱ्याच्या, प्रणीतच्या मते माझ्या डोक्यावरचा एसी. आईचा पुण्याहून फोन, की ओल्या केसांनी झोपतेस, दुसरं काय होणार. माझे केस ओले होते की नाही हे तिला तिथे बसून कसं कळतं देव जाणे.

अम्मा मात्र गप्प. एरवी साधी शिंक आली तरी मिरे-जिऱ्याचा कषाय उकळायला ठेवतात. ठेवला, नाही असं नाही. पण पेला टेबलावर ठेवून लगेच मागे सरल्या.

९ नोव्हेंबर, रविवार

तेल नाही. "कार्तिक आहे गे, मडी आहे," म्हणाल्या.

मडी म्हणजे आपलं सोवळं. या घरात ते आहे, पण सणापुरतं. ओलं नेसून स्वयंपाक, मध्ये कुणी शिवायचं नाही. मागच्या कार्तिकात तर असलं काही नव्हतं? प्रणीतला विचारलं. म्हणाला, तिचं तिला माहीत, अण्णा गेल्यापासून तिचं वाढलंय. अण्णा म्हणजे माझे सासरे, शेषगिरीअण्णा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले, मी यायच्या आधी. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय.

वास येतच राहिला. प्रणीतला माळ्यावर चढवला, उंदीर मेलाय का बघ म्हणून. उंदीर नाही, त्याची शाळेतली बॅट मिळाली. तासभर भिंतीवर चेंडू! मला तर काही वास येत नाही, म्हणतो. अम्मांनाही त्याने तेच सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पोराला कुठला येणार." बरोबरच आहे. पुरुषांना स्वतःच्या मोज्यांचा येत नाही, घराचा कुठून येणार!

१० नोव्हेंबर

प्लंबर. मोरीची जाळी उचकटली, पाइपात सळई घातली. काही नाही. अम्मा दारात उभ्या, पदर तोंडाशी.

१३ नोव्हेंबर

शेवटी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे. म्हातारे आहेत, घाई नाही त्यांना. कागदावर चेहरा काढून दाखवला. गालांत, कपाळात, नाकाच्या मागे हाडांमध्ये पोकळ्या असतात, त्या सायनस. प्रत्येक पोकळीला नाकात उघडणारं एक बारीकसं दार. आतला चिकट ओलावा रोज त्या दारातून निघून जातो, आपल्याला पत्ताही लागत नाही. सर्दीने, अ‍ॅलर्जीने दाराची चौकट सुजली की दार बंद. मग आत साचतं आणि साचलं की जंतूंची चंगळ.

बहुतेक वेळा सुरुवात साध्या व्हायरसनेच होते म्हणाले, आणि तो आपला आपण जातो, अँटिबायोटिक लागत नाही. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणून लगेच औषध मागायला पळायचं नसतं. पण मला तीन आठवडे होत आले, आणि मध्ये जरा बरं वाटून पुन्हा बिघडलं, म्हणून दिलं. मिठाच्या पाण्याचा फवारा. वाफ. पाणी भरपूर.

वासाचं सांगायचं राहूनच गेलं. घराच्या वासाचं डॉक्टरला काय सांगायचं?

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज कडलेकाई परिषे, भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. बुल टेंपल रोडभर शेंगदाण्यांचे ढीग, गर्दी, पिपाण्या. दर वर्षी आम्ही तिघं जातो. अम्मा शेंगा फोडून माझ्या हातात देतात, आपण एकही खात नाहीत. आज आल्या नाहीत. गर्दी नको म्हणाल्या. मी शेंगा घरी आणल्या, त्यांनी ताटात ओतून घेतल्या आणि पलीकडे खिडकीशी जाऊन बसल्या.

पण एक झालं — वास गेला! औषधाच्या चौथ्या दिवशी गालही हलका. अम्मांना म्हटलं, "वास गेला बघा! एवढं धुतलंत, पुसलंत, घर कसं लख्ख झालंय." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "खरंच गेला?" असं दोनदा विचारलं. लहान मुलीसारखं तोंड झालं होतं. मला फार बरं वाटलं. मी आल्यापासून त्यांना एवढं खुश पाहिलं नव्हतं, तेही एका मोरीपायी.

२३ नोव्हेंबर, रविवार

तेल!! कार्तिक संपला, मडी संपली. अम्मा आज गुणगुणतही होत्या. मी पाटावर डुलक्या घेतल्या. त्यांच्या अंगाला चंदनाच्या साबणाचा केवढा दरवळ. म्हटलं, काय अम्मा, आज काय विशेष? नुसत्या हसल्या.

३० नोव्हेंबर, रविवार

आला. परत आला मेला.

पाटावर बसले, मान खाली घातली, आणि मिनिटभरात तोच. मी काही बोलले नाही. शपथ, एक शब्द नाही. फक्त हात नाकाशी गेला असेल. अम्मांची बोटं थांबली. वेणी घातली, घट्ट, पटकन, आणि उठल्या. पुन्हा अंघोळ.

आता कुठला कार्तिक? आता कसली मडी?

६ डिसेंबर

गांधी बाजारात अवरेकाई आल्या. पावट्याच्या शेंगा आपल्याकडेही असतात, पण इथे लोक वेडे होतात. शेंग तेलकट हवी, हाताला वास राहिला पाहिजे. त्या वासाला सोगडु म्हणतात. अम्मांनी ढिगातली एक शेंग उचलून हात लांब करून माझ्यापुढे धरली. "बघ गे, सोगडु आहे?" मागच्या वर्षीही असंच करायच्या, मला शिकवायला. मी हुंगली. डावी नाकपुडी बंद, उजवीला जेमतेम काही. आहे, म्हटलं ठोकून. त्यांनी दोन किलो घेतल्या. घरी आल्यावर प्रणीत म्हणतो, यांना तर वासच नाही, कुणी निवडल्या? आम्ही दोघी एकमेकींकडे पाहिलं. हसू यायला हवं होतं. त्यांना आलं नाही, मग मलाही नाही.

१२ डिसेंबर

आज दूध करपलं. मी टेबलावर लॅपटॉप उघडून, अम्मा तिथेच, ओट्याकडे पाठ करून पावटे सोलत. दोघींपैकी एकीलाही पत्ता नाही! प्रणीत फाटकातून ओरडत आत आला तेव्हा पातेलं काळं पडलेलं. मी म्हटलं, माझं नाक तर गेलंय, तुमचं कुठे होतं हो अम्मा? मजेत म्हटलं. तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. पातेलं घेऊन मागच्या अंगणात गेल्या आणि कितीतरी वेळ घासत बसल्या.

दुधासाठी कुणी रडतं का? माझं काही चुकतंय. काय ते कळत नाही. ताट मला वाढतात ते लांबून. सोफ्यावर मी बसले की त्या खुर्चीत. मी जवळ गेले की पदर सावरून उठतात. दिवसाला तीन-तीन अंघोळी, थंडीत, म्हातारं माणूस! माझी शिवाशिव नको झालीय का त्यांना? पुण्याची, नोकरीवाली, सोवळं-ओवळं न पाळणारी. दोन वर्षं चालवून घेतली, आता नको झाली?

आज आईशी बोलताना रडू आलं. आई म्हणाली सासूच ती, कधी ना कधी सासू होणारच. फोन ठेवून दिला. अम्मा तशा नाहीत. म्हणूनच तर एवढं लागतंय.

१६ डिसेंबर

उद्या अम्मा म्हैसूरला जाताहेत, बहिणीकडे. धनुर्मास तिकडे करते म्हणाल्या. एकदम! प्रणीतने विचारलं परत कधी, तर "बघू. तुम्ही दोघं मोकळे राहा." पिशवी भरताना मी साडी घडी करायला हात पुढे केला. त्यांनी ती हातातून हळूच काढून घेतली. "तू नको घेऊ गे."

मी खोलीत येऊन दार लावलं. हे लिहितेय. डावा गाल फुटेल असा ठणकतोय आणि मला त्याचं काही नाही.

१७ डिसेंबर

गेल्या. घर केवढं मोठं वाटतंय.

१८ डिसेंबर

अम्मा नाहीत. वास आहे.

१९ डिसेंबर

रजा टाकली. कान-नाक-घशाच्या डॉक्टर, सुप्रीता. माझ्याच वयाच्या असतील. बारीक नळी नाकात घातली (ब्रह्मांड आठवलं!), पडद्यावर बघत प्रश्न विचारत गेल्या. दोन्ही बाजूंना होतं का? नाही, डावीकडेच. नेहमी? नेहमी. घाण वास येतो का? मी म्हटलं, येतो, पण तो घरात येतो. त्या थांबल्या. कधी येतो? मी आठवू लागले. बूट घालताना. कपाट आवरताना. तेल लावून घेताना. म्हणजे मान खाली घातल्यावर, त्या म्हणाल्या. ऑफिसात येतो? मेट्रोत?

येतो की! बूट घालताना तर कुठेही येतो. मॅजेस्टिकला गाडी बदलताना लेस बांधायला वाकले होते, तेव्हा आला होता. मला वाटलं मॅजेस्टिकच तसं आहे.

वास घरात नाही, शलाका. तुझ्या गालात आहे. असं काही त्या म्हणाल्या नाहीत, नुसतं सीटी स्कॅन लिहून दिलं. पण मला कळलं.

२२ डिसेंबर

स्कॅन. उजवी पोकळी काळीभोर, म्हणजे हवा, म्हणजे छान. डावी करड्या रंगाने तुडुंब. अ‍ॅलर्जी किंवा धूळ असती तर ती एकच गाल निवडत नाही, डॉक्टर सुप्रीता म्हणाल्या. एकाच बाजूला आणि वर घाण वास, म्हणजे आधी दात बघायचे. वरच्या दाढांची मुळं गालाच्या पोकळीच्या तळाला टेकलेली असतात, मध्ये पापुद्र्याएवढं हाड. मुळाशी पू झाला की वाट वरच्या बाजूला. औषधाने जंतू तेवढ्यापुरते दबतात, दाढ तिथेच, की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

पण माझा एकही दात दुखत नाही! म्हणाल्या, रूट कॅनल झालंय का कधी?

झालंय. कॉलेजात, पुण्याला. वर टोपी बसवली आणि विसरून गेले. नस काढलेली दाढ दुखणार कुठून? आतल्या आत कुजत बसली.

प्रणीतला सांगितलं. आधी हसला. मग म्हणाला, म्हणजे मी माळ्यावर उगाच चढलो?

२४ डिसेंबर

दातांचे डॉक्टर नागनाथ. दाढेच्या मुळाला तडा आहे, वाचणार नाही. नाताळ झाला की काढू. अम्मांचा फोन आला, प्रणीतशी बोलल्या. त्याने सांगितलं, दाढ काढायचीय तिची. मला फोन द्यायला लागला तर त्या म्हणे, राहू दे, दुखत असेल तिला.

दुखत नाहीये हो अम्मा. दुखतंय ते दाढेचं नाही.

३० डिसेंबर

काढली. आता आठ-दहा दिवस जोरात नाक शिंकरायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. तोंड उघडं ठेवून शिंकून पाहा एकदा! प्रणीत खोली सोडून पळाला.

११ जानेवारी, रविवार

आज मुद्दाम पाटावर बसले. एकटीच. मान खाली घातली. बराच वेळ.

काही नाही. नुसती हवा!

मग घरभर हुंगत फिरले. फिल्टर कॉफीचा डबा. देवघरातलं वातीचं काजळ. अम्मांच्या कपाटात तोंड घातलं. कापराच्या वड्या, किती त्या वड्या, प्रत्येक साडीच्या घडीत एक. एवढा कापूर कशाला लागतो कुणाला?

१३ जानेवारी

संक्रांतीपुरत्या आल्या. लहान पिशवी, म्हणजे राहायच्या नाहीत. वाळल्या आहेत. मी वाकून नमस्कार केला, तर पाऊल मागे. एळ्ळु-बेल्लची, इथल्या तिळगुळाची, वाटी टेबलावर ठेवून मला म्हणाल्या घे. हातावर नाही ठेवला. तीळ-गूळ-खोबरं चावत राहिले. गोड लागलं असेल.

१७ जानेवारी

उद्या दुपारच्या गाडीने परत जायचं म्हणतात. प्रणीत चिडला, आम्ही काय केलं ते तरी सांग म्हणाला. "काही नाही रे. पोर चांगली आहे. मीच नको तिच्याजवळ." एवढंच.

सकाळी बोलणार. भांडण तर भांडण. पण त्या गेल्या तर ते असंच राहून जाईल आणि मला ते चालणार नाही.

१८ जानेवारी, रविवार

भांडण नाही झालं. सुरुवात कुठून करू म्हणून दाढेचीच गोष्ट सांगत बसले. अम्मा, काय वेडे आपण, वास माझ्याच गालात होता आणि आपण मोरी उचकटली, प्रणीतला माळ्यावर चढवलं! त्या हसल्या नाहीत. पिशवीची चेन अर्धी लावलेली तशीच. "माझा नव्हता होय गे तो वास?"

मला कळेना. मग कळलं. सगळं एकदम.

कोविडच्या तापात त्यांचं नाक गेलं म्हणाल्या, ते परत आलंच नाही. कसला म्हणजे कसलाच वास कळत नाही त्यांना. अण्णा त्याच आठवड्यात गेले, त्यात नाकाचं काय सांगायचं. नंतर राहूनच गेलं. "तेल लावत होते, वाकले, आणि तू उठलीस. म्हातारीच्या अंगाला येतो म्हणतात. मला कसं समजावं?"

मी त्यांच्या मानेत तोंड घातलं. सोडलंच नाही. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाल्या, "मग कसला येतो? सांग की. चार-पाच वर्षं झाली, मला माझाच माहीत नाही."

सांगितला. हळद, म्हटलं. कापूर. चंदनाचा साबण. खोबरेल. आणि खाली, सगळ्याच्या खाली, अम्मा.